थोरल्या सखारामाची पदकं

माझा जन्म कुठला विचारतेस तर कुठला सांगू गो बाय, दोन आहेत माझे. पहिला ह्याच वाडीतला, मालवणच्या किनाऱ्यावर, समोर किल्ला आणि पाठीमागे माड, आणि दुसरा पण ह्याच वाडीतला, ह्याच घराच्या ओटीवर, तेव्हा मला मिशी होती. पहिल्या जन्माचं नाव एक, दुसऱ्याचं दुसरं. हसू नको, लिही. तू आमच्या वाडीतलं कॉलेजात गेलेलं पहिलं चेडू, तू वही घेऊन बसलीस की मला कचेरीत बसल्यासारखं वाटतं, आणि कचेरीत गेलो की मी शाळेतलं मराठी बोलतो, पण मध्येच माका-तुका येणार, ते पुसू नको, तसंच ठेव, कारण आवस काय बोलली ते शाळेतल्या भाषेत सांगितलं तर ती आमची आवस राहणारच नाही.

तर पहिला जन्म. बापूस विठू, होडीवर जायचा, मी सात वर्षांचा असताना तापानं गेला. माझ्या आधीची दोन भावंडं पण गेली होती, म्हणजे घरात आवस आणि मी. आवस पहाटे बंदरावर जायची, मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर, आणि चार मैल आत शेतकऱ्यांच्या गावात विकून दुपारी परत. माझं नाव बापसानं ठेवलेलं, सखाराम. आवस वाडीच्या ह्या टोकाला उभी राहून सखारामा अशी हाक मारायची, ती त्या टोकाच्या होडीत मला ऐकू यायची, आणि मी ओ दिली नाही तर दुसरी हाक सगळ्या बंदराला ऐकू यायची. असा आवाज होता तिचा. तो आवाज लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

लढाई सुरू होऊन वर्षभर झालं तेव्हा बंदरावर भरतीवाले आले, आरमारासाठी. त्यांच्यातला एक विचारतो, पोहता येतं का. आमच्या वाडीत येऊन हे विचारायचं म्हणजे काय सांगू तुला, आम्ही सगळे हसायलाच लागलो, तर त्याला वाटलं आम्ही टिंगल करतो, आणि त्यानं मलाच पुढे ओढलं, तू रे, काय नाव तुझं. सखाराम विठू म्हटलं. पंधरा दिवसांनी त्या नावाचा कागद घरी आला. आवशीला वाचता येत नव्हतं पण तिनं कागद हातात धरून ठेवला, देईना. म्हणाली, सरकाराक तुजा नाव खंयसून गावला? मी म्हटलं मीच सांगितलं. तर म्हणते, मगे कित्याक सांगितलंस. तेव्हा मी हसलो. वीस वर्षांनी मला कळलं की ती तेव्हापासून सरकारला आणि त्या नावाला एकत्र धरून बसली होती.

जाताना तिनं सुक्या बांगड्यांचं गाठोडं दिलं, ते मुंबईत साहेबानं वासानं हैराण होऊन धक्क्यावरून पाण्यात टाकलं. बिचारे बांगडे, समुद्रातून आले आणि समुद्रात गेले, मध्ये फुकट मालवण-मुंबई फिरले.

काम आम्हाला मिळालं ते पाणसुरुंग काढायचं. शत्रूनं समुद्रात पाण्याखाली सुरुंग सोडलेले असतात, मोठी बोट वरून गेली की फुटतात. ते काढायला दोन लहान बोटी बरोबरीनं चालायच्या आणि दोघींच्या मध्ये पाण्याखालून लांबच लांब लोखंडी दोर ओढायच्या. सुरुंगाची साखळी दोरात अडकली की कापली जायची, सुरुंग वर यायचा, मग लांबून बंदुकीनं फोडायचा. पहिल्या दिवशी साहेब हे सगळं फळ्यावर चित्र काढून समजावत होता आणि माझ्या शेजारी एक वेंगुर्ल्याचा पोरगा उभा होता, हसन त्याचं नाव, त्यांचं घर पण दर्यावर्दी, तो माझ्या कानात म्हणतो, अरे ही तर रापणच. बरोबर बोलला तो. किनाऱ्यावरून ओढतो ते मोठं जाळंच की, दोन टोकं, मध्ये फास, आणि ओढा. फक्त आमच्या रापणीत बांगडा येतो आणि ह्यांच्या रापणीत मरण. तेव्हापासून आम्ही दोघं एकत्र. दोराजवळच्या फळीवर पाय ठेवला की नुसत्या थरथरीवरून आम्हाला कळायचं, काही लागलंय की रिकामं आहे, आणि साहेबाला ते कधी कळायचं नाही. तो आम्हाला विचारायचा, फिश? आम्ही सांगायचो, नो सर, बिग फिश. मग सगळे खाली वाकायचे.

साडेतीन वर्षं आम्ही ती रापण ओढली. शेवटी आराकानच्या किनाऱ्याजवळ एके दिवशी सकाळी आमच्याच बोटीखाली एक फुटला. मी पाण्यात, हसन पाण्यात. हसनचा पाय मोडलेला. आमच्या दोघांत एक तरंगता बोया होता, तो मी त्याच्याकडे ढकलला. ह्यात मोठं काही नाही, हे लिहिलंस तरी चालेल नाही लिहिलंस तरी चालेल, मला दोन पाय होते आणि त्याला एक, एवढाच हिशेब. जोडीच्या बोटीनं हसनला उचलला. मला ओहोटीनं लांब नेलं. तिकडच्या कोळ्यांच्या होडीनं मला काढलं, खाडीत आत त्यांच्या गावात नेलं, अंगावर भाजलेलं, ताप, शुद्ध अधूनमधून. त्या लोकांची भाषा मला येईना, माझी त्यांना येईना, पण मासळीचा झोल भात त्यांनी पुढे ठेवला तेव्हा मी रडलो, इतका तो आमच्यासारखा. महिनाभरानं त्यांनी मला लष्कराच्या दवाखान्यात पोचवलं.

तोपर्यंत घरी तार गेलेली, सखाराम विठू बेपत्ता. मी सापडल्यावर दुसरी तार सुटली म्हणतात, ती वाटेत खंय गेली देव जाणे. आता बेपत्ता म्हणजे काय हे वाडीला कोण सांगणार? दर्यावर गेलेला माणूस, आणि सरकार म्हणतं सापडत नाही. आमच्यात ह्याचा एकच अर्थ. आवस मानायला तयार नव्हती, पाच महिने तिनं कुणाचं ऐकलं नाही, पण वाडीतले जाणते म्हणाले, क्रिया नाही केली तर पोर दर्यात भटकत राहील. तेव्हा तिनं मान खाली घातली. भटानं दर्भाचा पुतळा केला, त्याला सखाराम म्हणून नाव दिलं, किनाऱ्यावर जाळला, दहावं झालं, बारावं झालं, सगळी वाडी जेवली.

आणि त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, लढाई संपलेली, मला सुट्टी मिळालेली, मी आगबोटीनं मालवणला आलो.

काय सांगू तुला गो. आगबोट लांब उभी राहते, उतारू होडीतून किनाऱ्याला आणतात हे तुला माहीत आहे. त्या होडीवर आमच्या वाडीचा जगू तांडेल होता. मी वरून हाक मारली, जगू, ट्रंक धर. त्यानं वर बघितलं आणि वल्हं सोडून दिलं. होडी चालली वाहत, उतारू ओरडतात, आणि जगू गावदेव रवळनाथाचं नाव घेत माझ्याकडे पाठ करून बसलेला. दुसऱ्या होडीनं मी उतरलो. तर वाळूवर माणसं पांगलेली, जवळ कोणी येईना. एक म्हातारी तेवढी आली, तिनं माझे पाय बघितले, सरळ आहेत की उलटे. सरळ निघाले. तेव्हा ती ओरडली, जितो आसा गे, जितो आसा!

आवस धावत आली, आणि दहा हातांवर थांबली. मला वाटलं मिठी मारील. ती थांबली आणि विचारते, जेवलंस? मी म्हटलं नाय. मग रडायला बसली.

पण घरात घेता येईना. भट म्हणाला, ह्याची क्रिया झाली, सखाराम विठू गेला, आता जो आलाय त्याला जन्म दिल्याशिवाय उंबरा ओलांडता येणार नाही. तीन दिवस मी घरामागच्या मांगरात, जाळ्यांच्या ढिगावर. माझं दवाखान्यातून लिहिलेलं पत्र त्या तीन दिवसांत आलं, आवशीनं ते दाराच्या फटीतून मला दिलं आणि मीच तिला वाचून दाखवलं, मी खुशाल आहे, लवकरच येतो. चौथ्या दिवशी बारसं. पाळण्यात माझे पाय मावणार कसे, म्हणून ओटीच्या तुळईला जाळं बांधलं आणि त्याची झोळी केली, आणि पाच सवाष्णींनी मला त्यात निजवलं, चोवीस वर्षांचा बाप्या, मिशीवाला, आरमारातली पँट घातलेला, आणि झोका देऊन पाळणा म्हटला. वाडीतली पोरं हसून लोळत होती. मी पण हसत होतो, पण हसलो की आवस चिमटा काढायची, गप, बाळ हसत नाय इतक्या मोठ्यान. मग तिनं माझ्या कानात नाव सांगितलं. भिको. देवाकडे भीक मागून घेतलेलो. घुगऱ्या वाटल्या. आणि तिनं सगळ्या वाडीला सांगितलं, आजपासून ह्या घरात ता आदलां नाव कोणी घेवचा नाय. ता घेतल्यान तर मरान वळखतला ह्याका, परत येतला.

आणि वाडीनं पाळलं, बाय. एकानं पण ते नाव पुन्हा घेतलं नाही. मी भिको झालो. लग्न झालं ते भिकोचं. माझी बायल रुक्मिणी मला आजसुद्धा म्हणते, मी भिकोशी लगीन केलंय, दुसरो कोण तो माका ठावक नाय.

आता पदकांचं. आरमारातून सुटताना तिथल्या बाबूनं सांगितलं होतं, तुम्हाला तीन पदकं बसतात, दोन तारे आणि एक गोल, तयार झाली की पोष्टानं घरी येतील. मी विसरूनही गेलो होतो. चार-पाच वर्षं गेली असतील, आणि एक दिवस वेंगुर्ल्याहून हसन आला, लंगडत, काखेत एक पुडकं, सरकारी लाखेची मोहोर तशीच. आवशीनं त्याला पण नवंच नाव घ्यायला लावलेलं, म्हणतो, भिको, तुझी पण आली असतील, चल एकदमच उघडू. मी म्हटलं, माझं काही आलेलं नाही. त्यानं लाखेवरचं बोट मागे घेतलं. मी म्हटलं, उघड तू. तर म्हणतो, आपण रापणीची दोन टोकं ओढली, एक टोक वर आलं म्हणून मासे मोजतात काय? तुझी येतील तेव्हा उघडेन. आणि पुडकं परत घेऊन गेला. त्याच्या बायकोनं ते कपड्यांच्या पेटीत ठेवलं, दर ईदेला पेटी साफ करताना बाहेर काढायची, पुसायची, परत ठेवायची. हसन म्हणायचा, आमच्या घरात हे पुडकं म्हणजे जुना पाहुणा, ह्याच्याशी कोण बोलत नाही आणि जा पण म्हणत नाही.

मला खरं सांगायचं तर तोपर्यंत पदकांचं एवढं नव्हतं. पण हसन थांबला ते मला लागलं. आणि दुसरं म्हणजे जगू तांडेल. बंदरावर जाळी विणताना लढाईची गोष्ट निघाली आणि मी सुरुंगांचं सांगायला लागलो की तो म्हणायचा, अरे जा, मुंबैक धक्क्यार बटाटे सोललंस तां सांग. सगळे हसायचे. मी म्हणायचो पदकं येऊ देत मग बघ. मग तेच निघालं. दर वेळी मी दिसलो की वल्हं खांद्यावर घेऊन विचारायचा, काय रे भिको, उगवलो काय तुजो तारो? वाईट माणूस नव्हता, माझ्याच होडीला खांदा द्यायचा, पण जीभ तशी. आणि गंमत अशी की मलाच कधीकधी वाटायला लागलं, खरंच होतो ना मी तिकडे? बोट बुडाली, तिचं नाव माहीत असलेला वाडीत कोणी नाही. सखारामाचं नाव घेणारा कोणी नाही. अंगावरचे डाग सोडले तर काय पुरावा?

म्हणून मी अर्ज करायला लागलो. पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळांनी शाकारल्या की आम्हाला काम नसतं, तेव्हा शाळेतल्या गुरुजींकडे जायचं आणि अर्ज लिहून घ्यायचा, मी सखाराम विठू, अमुक बोटीवर होतो, माझी पदकं मिळाली नाहीत. खाली सही, सखाराम विठू. वर्षातून तेवढं एकदाच ते नाव मी लिहायचो, आणि लिहिताना बरं वाटायचं, जुन्या दोस्ताला कार्ड टाकल्यासारखं. आवशीला सांगायचो नाही. नारळी पुनवेला दर्याला नारळ द्यायचा, होडी पाण्यात घालायची, आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर नाही. पुढच्या पावसात परत अर्ज. असे तेरा-चौदा पाऊस गेले. गुरुजी बदलले, अर्ज तोच. रुक्मिणी म्हणायची, पावसात बेडूक वरडतत आणि माजो घोव अर्ज करता.

मग चीनची लढाई झाली, आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी तालुक्यात दवंडी, जुन्या सैनिकांची यादी करायला मोठा साहेब येणार, ज्यांचं काही राहिलं असेल त्यांनी कागद घेऊन यावं. मी हसनला निरोप धाडला. तो सकाळच्या मोटारीनं आला, काखेत पुडकं. साहेब बसला होता टेबलाशी, पिकलेल्या केसांचा, आवाज मऊ. कारकुनानं नाव विचारलं, मी सांगितलं, सखाराम विठू. साहेबानं फाइल काढली, जाडजूड, उघडली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतो.

म्हणाला, हे गृहस्थ मयत आहेत.

मी म्हटलं, साहेब, तो मीच.

तो म्हणाला, आपण त्यांचे कोण?

मी म्हटलं, मीच तो. हसन मागून म्हणतो, साहेब, हाच तो, मी ह्याच्या बोयावर जिवंत आहे.

साहेबानं फाइल माझ्याकडे फिरवली. बाय, त्यात माझे सगळे अर्ज, एकावर एक, आणि प्रत्येक अर्जाच्या खाली त्यांचं उत्तर, परत आलेलं. सगळ्यांत खाली एका पुडक्याची पावती, हसनचं आलं त्याच साली पाठवलेलं. आणि सगळ्यांवर निळ्या पेन्सिलीनं एकच शेरा, मयत, परत. खाली आमच्या अंतू पोष्टमनची सही. साहेब म्हणाला, आमच्या कचेरीत ही फाइल प्रसिद्ध आहे. दर आषाढात एक मेलेला माणूस अर्ज करतो. आणि तो हसला, हसन हसला, कारकून हसला, मी पण हसलो, पण पायाखालच्या फळीनं सांगावं तसं मला कळलं होतं, दोरात काही लागलंय.

तिथून मी सरळ अंतूकडे. अंतू पेन्शनीत, अंगणात सुपारी सोलत बसलेला. मी म्हटलं, अंत्या, मी मयत काय रे? तो शांतपणे म्हणतो, भिको, मी तुज्या बाराव्याक जेवलंय आणि बारश्याकय जेवलंय, मगे मयत लिवलंय तां खोटा कसा? मी म्हटलं, पण तुला ठाऊक होतं ना मी इथे आहे! म्हणतो, तू आसंस, तो नाय. पुडक्यार त्याचा नाव होता. तुज्या आवशीन माका रवळनाथाच्या देवळात उभो केल्यान, नारळार हात ठेवक लायल्यान, त्या नावाचा कायएक ह्या घरात येवचा नाय आणि तुका सांगूचा पण नाय. मी पोष्टाची नोकरी केलंय बाबा, देवाशी नाय भांडलंय.

घरी आलो तर आवस मागल्या दारी बांगड्यांना मीठ लावत होती. पंचाहत्तरीला आलेली, पण हात तसेच चालू. मी समोर बसलो आणि विचारलं. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, होय. मी धाडलंय परत.

मी म्हटलं, आये, त्यात माझी पदकं होती.

तेव्हा तिनं मिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, त्या डब्यात काय आसा तां माका काय ठावक? सरकार त्या नावान ह्या घराक दोनदा इला. पयल्यान्दा तुका घेवन गेला. दुसऱ्यान्दा तुजा मरान घेवन इला. तिसऱ्यान्दा मी दार उघडतलंय? माका एकच झील. तुजे तारे ऱ्हवले तर ऱ्हवले.

रागावून गेलेलो मी. तिच्या हाताखालचे बांगडे घेतले आणि मी पण मीठ लावायला लागलो. बऱ्याच वेळानं मी तिला हसनच्या पुडक्याचं सांगितलं, तो थांबलाय ते. ती म्हणाली, तो लंगडो? अजून उघडूक नाय? मी म्हटलं नाय. म्हणाली, वेडो आसा. आणि आणखी थोड्या वेळानं, उद्या तो सायेब आसा काय थय?

दुसऱ्या दिवशी ती आली. नवं लुगडं, डोक्यावर नेहमीची पाटी, कारण तालुक्याला जायचं तर रिकामं कशाला जायचं. पाटी कचेरीच्या पायरीवर ठेवली, शिपायाला म्हणाली, मांजराक बघ, आणि आत. मी आणि हसन मागे.

साहेबानं तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. साहेब म्हणाला, आजी, पुडकं माझ्याकडे आहे, पण फाइलमध्ये हे मयत आहेत, आणि ते तुमच्या घरूनच कळवलंय. तेव्हा तुम्हीच सांगायला हवं, हे कोण.

तर ती म्हणते, ह्यो माजो धाकटो झील, भिको. लढायेक गेलो होतो तो थोरलो. दोघांकय मीच जल्म दिलंय. थोरल्याचा काय आसात तां माजेकडे द्या, मी धाकट्याक देतंय. झाला.

हुशार की नाही? हसन मला कोपरानं ढोसतो, तुझी आवस वकील झाली असती. पण साहेब पण साधा नव्हता. तो फाइल बंद करून म्हणाला, आजी, तसं दिलं तर मी मेलेल्या माणसाचं पदक दिल्यासारखं होईल. ते मला द्यायचं नाही. हा माणूस जिवंत आहे. जो लढाईला गेला तो हाच, एवढं तुम्ही त्याच्या नावानिशी सांगा, मी लिहून घेतो आणि त्याच्याच हातात देतो.

नावानिशी. आवस माझ्याकडे बघत राहिली. वीस वर्षं ते नाव तिनं तोंडाबाहेर काढलं नव्हतं, झोपेत पण नाही. मी म्हटलं, आये, ऱ्हवांदे. चल घराक. आणि मी खरंच म्हटलं, मनापासून, कारण तिला अशी थांबलेली मी त्या आधी एकदाच बघितली होती, आगबोटीच्या दिवशी.

ती मला म्हणाली, तू वायच भायर जा.

मी बाहेर गेलो. पडवीत उभा. बाहेर बाजार भरलेला, तांदूळवाले, काजूवाले, आणि आमच्या वाडीची चार माणसं पण कळल्यावर येऊन उभी, त्यात जगू. खिडकीतून आतलं ऐकू येत होतं. आवस काहीतरी पुटपुटली. कारकून म्हणाला, आजी, ऐकू आलं नाही, मोठ्यानं सांगा. परत पुटपुटली. कारकून म्हणाला, मोठ्यानं.

आणि मग, बाय, ती हाक आली. वाडीच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जाणारी. सखारामाऽऽ! कचेरीच्या कौलांवरचे कावळे उडाले. आणि मी, कसं झालं मला सांगता येणार नाही, मी चाळीस ओलांडलेला माणूस, दोन पोरांचा बाप, पडवीत उभा राहून लहानपणी होडीतून द्यायचो तशी ओ दिली, ओऽऽ! सगळा बाजार थांबला. जगूच्या हातातली विडी पडली.

आवस धावत बाहेर आली. तिनं माझं तोंड धरलं, खांदे दाबले, छातीवर कान लावला, मग पायांकडे बघितलं, सरळ आहेत की उलटे. मी म्हटलं, आये, आसंय मी. ती म्हणाली, थांब, आणि थांबली, माझा दंड धरून, जणू मरण पायऱ्या चढून येतंय का बघत. पायऱ्यांवरून वर आलं ते मांजर. पाटीतला एक बांगडा तोंडात. तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि मांजराच्या मागे धावली.

साहेबानं फाइलीत शेरा लिहिला, तो त्यानं मला वाचून दाखवला, मला तो पाठ आहे. सदरहू इसम जिवंत असून आईच्या हाकेस ओ देतो. खाली सही, शिक्का.

मग पुडकी. दोन्ही एका वेळी उघडली, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला हसन, एक दोन तीन म्हणून. तांब्याच्या रंगाचे दोन तारे आणि एक रुप्यासारखं गोल, रंगीत फिती. हसनची फीत इतकी वर्षं पेटीत राहून अत्तराच्या वासाची झाली होती. साहेब माझ्या सदऱ्याला लावायला उठला, तर आवस म्हणाली, द्या हय. मिठानं चरे पडलेल्या बोटांनी तिनं पिन लावली, मला टोचली, आणि म्हणाली, ह्यो थोरल्याकडना धाकट्याक. मग हसनला पुढे बोलावलं, त्याची आवस कधीच गेलेली, तर त्याची पण तिनंच लावली, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, वेडो रे तू, वेडो.

जगू जवळ आला. तारा हातात घेऊन बघितला, उलटा केला, परत सरळ केला. म्हणाला, ह्या बटाट्याक टोका आसत रे. आणि मग टोपी काढली. त्या वर्षी नारळी पुनवेला त्याच्याच होडीनं आमची होडी पाण्यात ओढली, आणि दर्याला नारळ मी दिला, तारे लावून, वाडीनंच सांगितलं, आज सोन्याच्या नारळाचो मान भिकोचो.

आता आवस ऐंशीच्या घरात आहे, दिसतं कमी, पण आवाज तोच. आता ती दोन्ही नावं वापरते. लाडात आली की भिको, आणि काम चुकलं की सखारामा, आणि रुक्मिणी म्हणते आता माका दोन घोव सांबाळूचे लागतत. पदकं तिथे देवाच्या फळीवर आहेत, नारळाशेजारी. पावसाळा आला की हाताला अजून चुकल्यासारखं वाटतं, अर्ज करायचा राहिला असं. मग मी हसनला कार्ड टाकतो. खाली सही करतो, सखाराम विठू, आणि तो उत्तरात लिहितो, मयत नाही, पोचलं.

पुरे आता, दिवस कलला. तुझी आवस वाट बघत असेल. ऐकलंस? ती बघ, मारतेय हाक, तुझंच नाव. वही मिटायच्या आधी ओ दे गो. कॉलेजात मास्तर हजेरी घेतात ना, तिथे पण तोंडात पुटपुटू नको, मोठ्यानं बोल. तुझं नाव घेणारं माणूस नेहमी असू दे, आणि तू ओ द्यायला तिथे अस. दुसरं काय मागणार मी तुझ्यासाठी. जा, जा, दुसरी हाक सगळ्या बंदराला ऐकू जाईल.